पाठ टेकल्यावरची कुस्ती

आपल्याकडे कुस्ती कधी संपते हे जत्रेत फडाच्या कडेला बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळते. पाठ लागली, दोन्ही खांदे टेकले, की खेळ खलास. हरणाऱ्याला वरचे आभाळ दिसते, म्हणून 'आसमान दाखवले' असे आपण म्हणतो. पण हल्ली वस्तीतली मुले मोबाईलवर परदेशी झुंजी बघतात आणि विचारतात, "हा गडी उताणा पडलाय, तरी पंच कुस्ती थांबवत का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती झुंज ब्राझीलच्या जुजुत्सूची. तिथे पाठ टेकणे म्हणजे हार नव्हे. एकाने हार कबूल करून हाताने थाप मारली की निकाल, नाहीतर शेवटी गुण मोजायचे. त्यामुळे खाली पडलेला गडी घाबरत नाही. तो आपले दोन्ही पाय मध्ये आणतो, वरच्याच्या कमरेला विळखा घालतो किंवा तळवे त्याच्या मांडीवर रोवतो. पायांच्या या कुंपणाला 'गार्ड' म्हणतात. हे कुंपण ओलांडून, बाजूने जाऊन छातीला छाती भिडवायची, याला म्हणायचे 'गार्ड पास'. तीन सेकंद पकड टिकली तर ३ गुण मिळतात. उभ्या गड्याला खाली पाडले तर मात्र २ च! म्हणजे पाडण्यापेक्षा पाय ओलांडणे मोलाचे, असे नियम करणाऱ्यांनीच ठरवून टाकले.

यातला एक डाव 'तोरेआंदो' नावाचा आहे. बैलाशी झुंजणारा जसा कापड एका अंगाला झटकतो, तसा हा प्रकार. वरचा गडी उभ्यानेच खालच्याची विजार गुडघ्यांपाशी पकडतो, दोन्ही पाय एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूने झपकन जाऊन खांदा त्याच्या छातीवर टाकतो. वाचायला सोपे वाटते. पण खालचाही काही झोपलेला नसतो. तो कंबर फिरवून पुन्हा पाय मध्ये घालतो. पकड क्षणभर आधी सुटली तर सगळे मुसळ केरात.

आपल्या मल्लविद्येतही सांधे आवळून, जखडून हार कबूल करायला लावण्याचा प्रकार सांगितला जातो. त्याला जांबुवंती म्हणतात. पण मैदानात मान मिळाला तो चीतपटीला. नियम बदलला की अंगाची सवय कशी बदलते हे बघायचे तर १० सप्टेंबर १९१० ची लंडनची कुस्ती आठवावी. गामा पहिलवानासमोर पोलंडचा झ्बिस्को होता. खांदे टेकू नयेत म्हणून तो पालथा पडून जमिनीला चिकटला, आणि गामासारख्या गामालाही अडीच तासांत त्याला उलथवता आले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. जिथे पाठ वाचवायची तिथे माणूस पालथा होतो, आणि जिथे पाठ टेकली तरी चालते तिथे उताणा होऊन पायांनी लढतो. १९२८ साली पतियाळात गामाने त्याच झ्बिस्कोला मिनिटभराच्या आत लोळवले, हेही सांगायला हवे!

या जुजुत्सूचे मूळ जपानच्या जुदोत. त्या जुदोशी आपल्या मराठी माणसाचीही गाठ पडली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक घेऊन आले. त्याच गटात सुवर्ण जिंकणारा जपानचा इशी हा मूळचा जुदोचाच गडी. त्याच्या कितीतरी आधी, १९१४ मध्ये, माएदा नावाचा जुदोपटू ब्राझीलला पोचला होता. त्याच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी यांच्याकडे आली. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ अंगकाठीने हलका. त्याने पाठीवर पडून लढण्यावर भर दिला, आणि मग वरच्यांना गार्ड ओलांडण्याचे डाव शोधणे भागच पडले.

आता विद्या कोणाला मिळते, हा प्रश्न आला. कुस्तीत मानेला मान, अंगाला अंग लागते. जिथे तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ ला महाडात सत्याग्रह करावा लागला, तिथे गावच्या तालमीच्या हौदात आपल्या पोरांना कोण उतरू देणार? म्हणून पुण्याच्या लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम मोठी वाटते. मांग समाजातल्या या वस्तादाकडे जोतिराव फुले दांडपट्टा शिकले.

ब्राझीलमध्ये जात नाही, पण पैसा आणि वस्ती आहे. रिओ शहरात ग्रेसींच्या आखाड्यात बड्या घरची मंडळी शिकवणी घेत. त्याच शहराच्या बेंतो रिबेरो या गरीब उपनगरात ओस्वाल्दो फद्दा नावाचा वस्ताद होता. तोही माएदाच्याच परंपरेतला. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते अशांना तो फुकट शिकवी. १९५० च्या दशकात त्याने ग्रेसींच्या आखाड्याला उघड आव्हान दिले आणि त्याची पोरे जिंकली. कशी? समोरच्याचे पाय ओलांडण्याच्या खटपटीत न पडता त्यांनी पायच धरला आणि घोटा आवळला. ज्या पायांचे कुंपण, त्याच पायांवर पेच!

बड्यांनी त्याला 'उपनगरी डाव' म्हणून नाक मुरडले. हरलेला माणूस डावाची जात काढतो, हे आपल्याला काही नवे नाही. आज त्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत घोट्याचा तो सरळ पेच पांढऱ्या पट्ट्याच्या नवख्या प्रौढ गड्यालाही नियमाने लावता येतो.