तुटलेला होल्डर हाही दस्तऐवजच: जुन्या ड्रम किटच्या दुरुस्तीचा इतिहास

१/ १९६३ साली रिंगो स्टारने लंडनच्या ‘ड्रम सिटी’ या दुकानातून लुडविग कंपनीचे ड्रम किट घेतले. त्याच्या या पहिल्या लुडविग किटवर छोटा टॉम-टॉम पेलणारा धातूचा होल्डर मात्र लुडविगचा नव्हता. तो रॉजर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचा होता. एखाद्या हौशी कारागिराने ही ‘विसंगती’ दूर केली असती तर? #थ्रेड #इतिहास

२/ आधी या होल्डरचे काम पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी एकच वादक पायाने बेस ड्रम आणि हातांनी उरलेली वाद्ये वाजवू लागला. लुडविगचे पायाचे पेडल १९०९ मधले. अनेक वाद्यांचे एक वाद्य झाले ते पेडल, क्लॅम्प, दांडे आणि होल्डर यांच्या जोरावर. ड्रम किटचा इतिहास हा बराचसा या जोडांचा इतिहास आहे.

३/ या सुट्या भागांवर काळ उमटतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेत वाद्यांतील धातूवर निर्बंध आले; ड्रममध्ये वजनाच्या साधारण १० टक्केच धातू चालत असे. मग पडदा ताणणारे लगसुद्धा लाकडाचे झाले. स्लिंगरलँडच्या ‘रोलिंग बॉम्बर’ ड्रमवरील लाकडी लग काढून कोणी चकचकीत धातूचे बसवले, तर त्या ड्रमवरून महायुद्धच पुसले जाईल.

४/ इतर काळात असे अनेक भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने ‘झॅमॅक’ मिश्रधातू विकसित केले. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले. त्याआधीच्या ओतीव जस्तात शिसे वा कथील मिसळले गेले, तर कालांतराने ते आतूनच भेगाळून भुसभुशीत होई.

५/ चांगल्या मिश्रधातूचा होल्डरही तुटतो. तो टॉम-टॉमचे वजन अधांतरी पेलतो आणि प्रत्येक प्रहाराचा हिसका सोसतो. त्यात वादक चाकी-नट जरुरीपेक्षा जास्त आवळतो. पोलाद वाकून सूचना देते. ओतीव जस्त फारशी पूर्वसूचना न देता तडकते.

६/ म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे धातू ओळखणे. लोहचुंबक घट्ट चिकटला तर पोलाद. न चिकटल्यास आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस कानस हलकेच फिरवावी: पिवळा रंग दिसला तर पितळ, करडा-पांढरा दिसला तर बहुधा जस्त. वरचा क्रोमचा मुलामा सर्वांवर सारखाच दिसतो. त्यावर विसंबू नये.

७/ पोलादाला वेल्डिंग चालते, पितळ चांदीच्या मिश्रधातूने झाळता येते. झॅमॅक मात्र सुमारे ३८५ अंश सेल्सिअसलाच वितळतो, तेही लाल न होता. ज्योत लावलेला होल्डर पाहता पाहता ढासळतो आणि अतितप्त जस्ताचा धूर अपायकारक असतो. त्यापेक्षा आतून पोलादी पिन घालून मजबूत चिकटद्रव्याने सांधावे, किंवा लेथवर तसाच नवा भाग घडवून घ्यावा.

८/ दोन पथ्ये पाळावीत. नवा होल्डर बसवण्यासाठी जुन्या लाकडी कवचाला नवे भोक पाडू नये. धातूचा भाग बदलता येतो, भोक परत भरून येत नाही. आणि काढलेला तुटका भाग टाकू नये. तो पिशवीत घालून, केव्हा व का काढला हे लिहून, किटसोबतच ठेवावा.

९/ आता पुन्हा रिंगोकडे. रॉजर्सच्या ‘स्विव्ह-ओ-मॅटिक’ होल्डरला गोळ्याचा सांधा होता. त्यामुळे ड्रम हव्या त्या कोनात वळवून पक्का करता येई. कारखान्याची यादी प्रमाण मानली तर हा होल्डर चूक ठरतो. वादकाचे काम प्रमाण मानले तर तोच पुरावा ठरतो.

१०/ दुरुस्ती करणाऱ्याला म्हणूनच आधी ठरवावे लागते, की वाद्य कोणत्या दिवसाकडे परत न्यायचे: कारखान्यातून निघाले त्या दिवसाकडे, की वाजत राहिले त्या वर्षांकडे? पहिल्या उत्तराने वस्तू नवी दिसते. दुसऱ्याने तिचे आयुष्य शाबूत राहते.

तुमच्या घरी एखादे जुने, जोडकाम केलेले वाद्य असेल, तर ते जोड नीट पाहा आणि काय दिसले ते खाली लिहा. (समाप्त)