दुसरं कार्ड

परवा रात्री भाच्याचा डलासहून फोन. आजीची चौकशी झाली, इकडच्या उन्हाची झाली, आणि मग म्हणाला, "मामाजी, एअर इंडियाचं खातं तर आहेच माझं. दुसरं कोणत्या कंपनीचं काढू?"

आता अमेरिकेत राहणाऱ्या, महिन्यातून दोनदा विमानात बसणाऱ्या मुलानं वर्ध्यात बसलेल्या मामाला हे विचारावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आमच्याकडे ती फाइल आहे ना. बाबांची. खाकी रंगाची, नाडीची. आई-बाबांच्या अमेरिकेच्या सगळ्या वाऱ्यांचे बोर्डिंग पास, तिकिटांच्या कार्बन लागलेल्या प्रती आणि फ्रिक्वेंट फ्लायरची प्लास्टिकची कार्डं, सगळं तारीखवार लावलेलं. बाबा पोस्टात होते. कागद टाकून देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पोस्टावरून आठवलं. विमानाशी बाबांची ओळख त्यात बसण्याच्या कितीतरी आधीची. जानेवारी १९४९ मध्ये सरकारनं रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली आणि तिचं केंद्र होतं आपलं नागपूर, सोनेगावचा विमानतळ. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी चार विमानं टपालाचे थैले घेऊन निघायची आणि रात्री नागपुरात एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा उघड फायदा नागपूरला क्वचितच मिळाला असेल. ऑक्टोबर १९७३ पर्यंत हे चाललं. गंमत अशी, की त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिसला फेडेक्सनं नेमका हाच खेळ सुरू केला. सगळी पार्सलं रात्री एका ठिकाणी आणायची, वाटायची आणि सकाळी रवाना करायची. त्यांचा धंदा जगभर झाला. आमच्या सोनेगावला मात्र रात्री शुकशुकाट झाला. बाबा हे सांगताना दर वेळी "मेम्फिस" हा शब्द असा उच्चारायचे, जणू त्या गावानं आमचं काही उसनं नेलं आहे.

तर ज्या नागपुरात देशाचं टपाल उतरत होतं, तिथून परदेशात जायची मात्र सोय नव्हती. १९९६ मध्ये आई-बाबा पहिल्यांदा ताईकडे गेले ते विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, मग दादरहून टॅक्सीनं सहार, मग युरोपात विमान बदलून अमेरिका. बॅगेत गोरसपाकचे सहा डबे, कपडे नावापुरते. वर्ध्याहून निघून ताईच्या दारात पोचायला दोन दिवसांच्या वर लागले. आणि परतल्यावर दोन महिन्यांनी पोस्टानं एक कार्ड आलं. त्यावर बाबांचं नाव, एक लांबलचक नंबर, आणि सोबत पत्र, की आपल्या खात्यात इतके हजार मैल जमा आहेत. बाबांना आधी वाटलं काहीतरी बिल आलं.

हे मैल आले कुठून, तेही सांगतो. १९७८ मध्ये अमेरिकेनं विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. तोवर भाडं आणि मार्ग सरकार ठरवायचं. आता जो तो भाडं कापू लागला. गिऱ्हाईक टिकवायचं कसं? १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं 'अ‍ॅडव्हान्टेज' नावाची योजना काढली. तिच्या सभासदांची पहिली यादी त्यांनी आरक्षणाच्या संगणकात पुन्हापुन्हा येणारे फोन नंबर हुडकून बनवली म्हणे. जितके मैल उडाल तितके लिहून ठेवू, पुरेसे झाले की फुकट तिकीट. युनायटेडनं काही दिवसांतच तसंच केलं, आणि मग कुणालाच मागे राहणं परवडेना.

आपल्याकडेही वेगळं काही झालं नाही. १९५३ चा विमान महामंडळांचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. त्याच्या आधीच, १९९३ च्या मे महिन्यात, जेट उडू लागली होती. सरकारी विमानात "जागा मिळाली हेच नशीब" असं मानणाऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा म्हणत होतं, की पुन्हा आमच्याकडेच या. एअर इंडियाचं 'फ्लाइंग रिटर्न्स' आणि जेटचं 'जेट प्रिव्हिलेज' त्याच दशकातली.

आता जे सांगतोय ते घरच्या मंडळींना ठाऊक आहे. २००९ च्या मे महिन्यात बाबांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. ताईची नोकरी आदल्या वर्षीच्या मंदीत गेली होती, मुलगा लहान. तिच्या खात्यात एका परदेशी कंपनीचे ऐंशी हजारांच्या आसपास मैल होते. तीन-चार वाऱ्यांची साठवण. "अडीअडचणीला ठेवलेत," असं ती नेहमी म्हणायची. त्या रात्री तिनं खातं उघडलं तर शिल्लक शून्य. तीन वर्षं काही हालचाल नाही म्हणून फेब्रुवारीतच सगळे बाद झाले होते. कंपनीचं नाव सांगत नाही. नियम छापलेला होता, आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता. रोखीनं तिकीट काढायचं तर ऐन वेळचा दर ऐकूनच तिनं फोन ठेवला. शेवटी मैत्रिणीकडून पैसे घेऊन, दोन ठिकाणी विमान बदलत ती निघाली. पोचली तेव्हा तिसरा दिवस होता. बाबा नव्हते.

म्हणून भाच्याचा प्रश्न मला "कोणत्या कार्डावर लाउंज फुकट मिळतो" छापाचा वाटत नाही. आई चौऱ्याऐंशीची आहे.

पहिलं खातं असताना दुसरं कशाला? फाइलमधली कार्डं पाहिली की याचं उत्तर मिळतं. एक लाल कार्ड आहे किंगफिशरचं, माझंच. कंपनी २००५ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ती 'वनवर्ल्ड' या जागतिक गटात शिरणार होती. ते अगदी तोंडावर येऊन लांबलं आणि ऑक्टोबर २०१२ पासून विमानंच जमिनीवर. त्याखाली जेटचं. १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. पण तिचे मैल मेले नाहीत! कारण जेट प्रिव्हिलेज ही तोवर वेगळी कंपनी झाली होती आणि तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहादकडे होता. पुढे तिचं नाव इंटरमाइल्स झालं. विमान कंपनी बुडाली आणि तिची वही तेवढी वाचली. तिसरं विस्ताराचं. ती १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिचे गुण तिकडे गेले आणि एकत्रित योजनेला 'महाराजा क्लब' नाव मिळालं.

म्हणजे हे मैल एका कंपनीनं दिलेला शब्द आहेत. कंपनी बदलली की शब्दाची किंमतही बदलते. २०२० मध्ये कोविडनं विमानं उभी राहिली तेव्हा युनायटेडनं आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उचलले. बँका क्रेडिट कार्डवाल्यांना वाटायला मैल विकत घेतात, तो पैसा पक्का, म्हणून हे तारण चालतं. आपण ज्याला 'साठवण' म्हणतो ते त्यांच्या वहीत देणं असतं, आणि देणं कमी कसं करायचं हे त्यांना चांगलं कळतं. डेल्टा आणि युनायटेडनं २०१५ मध्ये, अमेरिकननं २०१६ मध्ये अंतराऐवजी भाड्यावर मैल द्यायला सुरुवात केली. स्वस्त तिकिटावर लांबचा पल्ला मारणाऱ्या आपल्या आई-वडिलांसारख्यांचं त्यात फार नुकसान झालं.

मग मी भाच्याला काय सांगितलं? पहिलं म्हणजे, ज्या विमानात बसशील त्याच कंपनीचं खातं हवं असं नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९९७ मध्ये स्टार अलायन्स निघालं, मग वनवर्ल्ड, मग स्कायटीम. एका गटातल्या कंपनीच्या विमानात बसून मैल त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात टाकता येतात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टारमध्ये आहे. त्याआधी २०११ मध्ये तिचा प्रवेश एकदा अडकला होता. तेव्हा दुसरं खातं पुन्हा स्टारमधलंच काढण्यात अर्थ नाही. दोन्ही अंडी एकाच टोपलीत.

दुसरं, गाव बघायचं. मोठमोठे तक्ते सगळे न्यूयॉर्क-मुंबई धरून केलेले असतात. आपल्याला वर्ध्याला यायचं आहे. नागपूरहून दोहाची कतार एअरवेजची फ्लाइट डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, आणि दोहा-डलास त्याच कंपनीची २०१४ पासून. ही वाट मिळते तेव्हा मुंबई नाही, दिल्ली नाही, एकच बदल. कतार २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे, आणि डलास हे अमेरिकन एअरलाइन्सचं माहेर, तीही वनवर्ल्डमध्ये. तेव्हा खातं अमेरिकनचं काढ, कतारनं आलास तरी मैल तिथेच टाक, आणि घरगुती प्रवासाचे मैलही तिथेच पडतील. दोहाची वाट कधी बंद असेल तर एअर इंडियाचं खातं आहेच.

"पण मामाजी, कतारचं स्वतःचंही आहे ना? एव्हिओसवालं?"

आहे. २०२२ पासून ब्रिटिश एअरवेजसारखंच एव्हिओस हे चलन कतारनं घेतलं आणि दोन्हीकडे फिरवता येतं. वाईट नाही. पण डलासमध्ये राहणाऱ्याच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी पडत राहणं मला महत्त्वाचं वाटलं. अमेरिकनच्या खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर मैल बाद होतात. ताईचे गेले ते असेच.

आणि एकाच तिकिटापुरते झाले की थांब, असंही सांगितलं. डलास ते नागपूर, एकाचं, एका बाजूचं. तेवढे कायम हात न लावता ठेवायचे, बाकीचे खुशाल उडव. ऐन वेळी फुकटची जागा मिळेलच असं नाही, हे त्यालाही कळतं. पण मिळाली तर पैशाचा विचार करत कुणी फोन धरून बसणार नाही. नागपूरला उतरला की पुढे समृद्धीवरून तासाभराचं काम.

त्यानं काल खातं काढलं आणि नंबर पाठवला. मी तो बाबांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहिला, शेजारी मुदतीची तारीख. मग ती कालनिर्णयवर टाकावी म्हणून भिंतीशी गेलो, तर ती पार दोन वर्षांनंतरची निघाली. आई म्हणाली, "फाइलमध्ये लिहिलं ना? दर दिवाळीला नवीन आलं की उतरवत जा."