चालू कंडिशन

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला ज्या रस्त्याला आम्ही आजही लॅमिंग्टन रोड म्हणतो, त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लॅमिंग्टनसाहेब त्या सभेत हजर होते आणि त्यांच्याही हाताला गोळी लागली. कॉम्प्युटरच्या धंद्याशी याचा काडीचा संबंध नाही. पण ज्याच्या नावाच्या रस्त्यावर आपलं पोट भरलं, त्याच्याविषयी एवढं तरी ठाऊक असावं.

मी डोंबिवलीचा. धंदा असेंबलिंगचा, पण खरी कमाई अपग्रेडची. नवीन मशीन घेणारं गिऱ्हाईक एकदा येतं आणि जातं. जुन्या मशीनवर नवा गेम चालवायचा हट्ट धरणारं पोरगं दर सुट्टीत येतं, बापाला सोबत घेऊन. बापाच्या खिशात दोन-तीन हजार असतात. फास्ट लोकलने दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. त्या दोन-तीन हजारांत काय बसवता येईल याचा हिशेब गाडीतच चालायचा. या हिशेबातून मला एक कळलं. कमी पैशात गेम खेळणाऱ्याच्या हाती काय पडणार, हे कंपन्यांच्या जाहिराती ठरवत नाहीत. त्याच्या वरचा माणूस काय टाकून देतोय, त्यावर ते ठरतं. आमच्या धंद्याचा इतिहास म्हणजे या टाकून देणाऱ्यांचा इतिहास.

हा रस्ता मूळचा सिनेमावाल्यांचा. नाझच्या इमारतीत फिल्म वितरकांची ऑफिसं होती, आणि मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. त्याच फुटपाथच्या कडेला रेडिओचे, नंतर टीव्हीचे सुटे भाग विकणारी दुकानं. रेझिस्टन्स, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, वायरची भेंडोळी. कॉम्प्युटर आले ते याच गाळ्यांत, याच कच्छी-गुजराती शेठजींच्या काउंटरवर. ज्याला कपॅसिटर विकता येतो, त्याला रॅम विकायला काय अडचण? त्या काळी आयातकर जबर होता. रॅम आणि प्रोसेसरसारखा मुठीत मावणारा माल प्रवाशांच्या सामानातून येतो, हे बाजारात उघड गुपित होतं. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि टप्प्याटप्प्यानं २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. तोवर ‘बिल हवंय की नको?’ हा काउंटरवरचा पहिला प्रश्न असायचा, आणि दोन उत्तरांचे दोन भाव.

पहिले टाकून देणारे म्हणजे ऑफिसवाले. १९९९ मध्ये वायटूकेच्या धास्तीनं कंपन्यांनी मशीनं बदलली, आणि जुन्या पेंटियमचे ढीग गल्लीत येऊन पडले. पण नेमका तेव्हा पोरांचा जीव वेगळ्याच गोष्टीवर होता, आणि ती टाकून दिलेली नव्हती. इंटेलनं ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए काढला. स्वस्तातला प्रोसेसर, ३०० मेगाहर्ट्झचा, ६६ च्या बसवर चालणारा. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद. म्हणजे बस १०० वर नेली की सरळ ४५० मेगाहर्ट्झ, आणि ४५० चा पेंटियम टू तेव्हा इंटेलचा सगळ्यात वरचा माल. ज्या बोर्डात बस बदलायची सोय नसे, तिथे प्रोसेसरच्या कार्डाच्या कडेवरची बी-२१ क्रमांकाची पट्टी झाकायची. बोर्डाला वाटायचं, १०० चा प्रोसेसर बसलाय. झाकायला चिकटपट्टीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. कैचीनं कापून, चिमट्यानं ठेवून, नखानं दाबून बसवायचा. शेजारच्या पट्टीवर सरकला की डिस्प्ले गायब.

एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनला २००० साली याहून सोपी युक्ती होती. प्रोसेसरच्या अंगावर एल-१ नावाचे बारीक तुटके पूल दिसायचे. ते मऊ काळ्या पेन्सिलीनं जोडले की गुणकाचं कुलूप निघायचं. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्यातून वीज जाते. अप्सरा टॉकीजच्या रस्त्यावरून आणलेला प्रोसेसर घरी येऊन अप्सरा पेन्सिलीनं उघडायचा, यात आम्हाला फार गंमत वाटायची. बापलोक मात्र घाबरायचे. पाच हजारांच्या वस्तूवर पेन्सिल चालवणारा मेकॅनिक त्यांनी कधी पाहिला नव्हता.

२००३ च्या मे महिन्यात ‘व्हाइस सिटी’ आला आणि आमचे सुगीचे दिवस सुरू झाले. गेमला किमान ८०० मेगाहर्ट्झ आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागे. घरोघरी मशीनं होती ती इंटेल ८१० चिपसेटच्या बोर्डांची. स्वस्त म्हणून सगळ्यांनी घेतलेली, ग्राफिक्स बोर्डातच, आणि एजीपी स्लॉट मुळातच नाही. म्हणजे कार्ड आणलं तरी खोचायचं कुठे? पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं कार्ड मिळायचं, पण तेच कार्ड एजीपीपेक्षा महाग आणि वर हळू. आमच्या रामनगरातल्या एका बँकेतल्या साहेबांनी मला बजावलं होतं, “हे बघा, नवीन मशीन वगैरे सांगू नका. दोन हजारांत बसवता येत असेल तरच हात लावा.” मुलगा मागून खुणा करत होता की काहीही करा पण हो म्हणा.

इथे लॅमिंग्टन रोडचा जुना माल कामाला आला. ८१५ चिपसेटचा वापरलेला बोर्ड घ्यायचा. त्याला एजीपी स्लॉट असतो, आणि घरचा सेलेरॉन आणि घरचीच एसडी रॅम त्यात जशीच्या तशी चालते. वर एक जुनं जीफोर्स टू एमएक्स. उरलेला ८१० चा बोर्ड शेठ परत घ्यायचे. तो पुढे कुठल्यातरी टायपिंग क्लासच्या मशीनमध्ये जायचा. दुकानात वस्तू हातात देताना शेठ दोनच शब्द बोलायचे, “चालू कंडिशन.” वॉरंटी म्हणजे सात दिवसांची टेस्टिंग. ते सात दिवस मुलगा गेम खेळून बोर्डाची परीक्षा घ्यायचा आणि आई-बाप त्याला अभ्यासाला बस म्हणायचे.

त्याच काळात ग्राफिक्स कार्डांमध्ये एक सापळा होता. जीफोर्स फोर एमएक्स ४४० नाव फोरचं सांगायचं, पण आत जात जुन्या टू एमएक्सच्या घराण्यातली. त्यात पिक्सेल शेडर नव्हते. २००४ नंतरचे बरेच गेम ते मागायचे आणि कार्ड दिसलं की सरळ नकार द्यायचे. नाव वाचून खरेदी करणारे फसले. मी पोरांना सांगायचो, नाव सोड, त्याला काय काय येतं ते विचार.

याच वर्षांत बोर्डांवरचे कपॅसिटर फुगायला लागले. तैवानमधून आलेल्या कपॅसिटरांत सदोष द्रव भरला गेला होता आणि जगभर लाखो बोर्ड त्यानं मेले. वरून बघितलं तर सपाट डोक्याचा कपॅसिटर पुरीसारखा टम्म झालेला, डोक्यावरची फुली उकललेली, कडेनं तपकिरी राप. लक्षणं आधी यायची. मशीन दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू होतं, गेम सुरू केला की दहा मिनिटांत रीस्टार्ट. बाहेर लोक बोर्ड फेकून देत. आमच्याकडे तोच रस्ता कपॅसिटरचाही होता. १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, १०५ डिग्री, आणि ‘लो ईएसआर’ असं ठासून सांगायचं, नाहीतर पंख्याच्या रेग्युलेटरला चालणारा माल हातात पडायचा. जुना काढताना घाई केली की बोर्डाच्या पोटातला तांब्याचा थर उपटून येतो. दोन्ही पायांना आळीपाळीनं कथील तापवायचं, कपॅसिटर हलकेच डोलवत उपसायचा, भोकातलं कथील पंपानं खेचायचं, मग काळी पट्टी ऋण बाजूला ठेवून नवा बसवायचा. काही रुपयांच्या सामानात बोर्ड आणखी दोन वर्षं ओढायचा. अपग्रेडच्या यादीत हे काम कुणी धरत नाही. मी धरतो, कारण वाचलेल्या बोर्डाच्या पैशातूनच कार्ड यायचं.

दुसरे टाकून देणारे सायबर कॅफेवाले. त्यांची पडझड हळूहळू झाली. आधी घरोघरी ब्रॉडबँड आलं, मग हातात मोबाइल, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं उरलेल्यांचा निकाल लावला. त्यांची मशीनं बहुतेक ७७५ सॉकेटची. या सॉकेटसारखा गरिबांचा सोबती दुसरा झाला नाही, हे माझं ठाम मत. २००४ च्या पेंटियम फोरपासून चार कोरच्या कोअर टू क्वाडपर्यंत सगळं त्या एकाच खाचेत. क्वाड मात्र जुना असूनही भाव सोडत नव्हता. तेव्हा चीनमधून एक चमत्कारिक गोष्ट यायला लागली. डेटा सेंटरांनी काढून टाकलेले झिऑन प्रोसेसर, आणि सोबत एक इवलासा स्टिकर. ते प्रोसेसर ७७१ सॉकेटचे. स्टिकर दोन टोकांची अदलाबदल करायचा. सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन दात ब्लेडनं उडवायचे, झिऑन वळवून बसवायचा, बायोसला त्याची ओळख करून द्यायची. तीन गिगाहर्ट्झचा चार कोरचा ई५४५० क्वाडच्या किमतीच्या अंशात. सर्व्हरसाठी घडवलेला प्रोसेसर कल्याणच्या चाळीत ‘सॅन अँड्रियास’ चालवत होता.

तिसरे पुन्हा ऑफिसवालेच, पण या वेळी मोठे. ऐरोली, हिंजवडीच्या कंपन्यांची मशीनं तीन-चार वर्षांच्या लीजवर. लीज संपली की तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हचे डबे लॉटनं बाहेर. डबा मजबूत, पण वीज पुरवणारा एसएमपीएस बेताचा आणि कार्डाला वेगळी वीज देणारी वायरच नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स ७५० टीआय आणलं. ६० वॉटचं कार्ड, आणि स्लॉटच ७५ वॉट देतो. वायर लागतच नाही. त्या एका कार्डानं माझी किती मशीनं उभी केली याचा मी हिशेब ठेवलेला नाही.

एसएमपीएसवरून एक सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, तिकडे बघायचंच नाही. बाजूच्या लेबलवर अधिक १२ व्होल्टची ओळ शोधायची आणि तिथले अँपिअर वाचायचे. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच ओळीवर जगतात. तिथे १२ अँपिअर लिहिलं असेल, तर बारा बारं एकशे चव्वेचाळीस वॉट. बाकीचे तीनशे कागदावर. शिवाय हातात तोलून बघायचा. हलका लागला तर आत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम कमी. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराचं नवंकोरं कार्ड असल्याच डब्यानं सोबत नेलं.

चौथे टाकून देणारे आले ते क्रिप्टोवाले. २०१७-१८ आणि २०२१ मध्ये त्यांनी क्रिप्टोच्या खाणकामासाठी कार्डं उचलून भाव आभाळाला भिडवले, तेव्हा आमचं गिऱ्हाईक दोनदा उपाशी राहिलं. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमनं खाणकामाची पद्धतच सोडली, आणि आरएक्स ५७०, ५८० कार्डांचा पूर आला. या मालात लबाडी दोन प्रकारची. एक, ‘५८० २०४८ एसपी’ म्हणून येणारं कार्ड, ज्याचं पोट ५७० चं. दुसरी सरळ चोरी: जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयच्या बायोसमध्ये १०५० टीआय लिहायचं. जीपीयू-झेड लावलं की ते नावापुढे ‘फेक’ छापतं. खाणीतून आलेलं कार्ड मी घेतो, पण पंख्याची पाती हलवून बघतो, थर्मल पॅडचं तेल बोर्डावर उतरलंय का बघतो, आणि दुकानातच अर्धा तास गेम चालवून घेतो. शेठ कुरकुरतात. चहा सांगतात.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं नव्या विंडोजला अधिकृतपणे चालत नाहीत म्हणून कंपन्या ती काढतायत. एरवी ही आमची दिवाळी झाली असती. पण त्याच सुमाराला मेमरी बनवणाऱ्यांनी आपलं बळ एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलं आणि रॅमचे भाव चढले. लॉटवाले आता मशीनमधून रॅम उपसून वेगळी विकतात. डबा रिकाम्या खाचांनी येतो. ज्या जुन्या डीडीआर-थ्री रॅमकडे कुणी बघत नव्हतं, तिची पुन्हा विचारणा सुरू झालीय.

परवा ठाण्याच्या एका मुलाचा फोन आला. “काका, चौथ्या पिढीचा आय-सेव्हन आणि सोळा जीबी डीडीआर-थ्री मिळेल का? बजेट सहा हजार आहे. कार्ड मित्राकडून मिळतंय, ५८०.” मी त्याला म्हटलं, बाकीचं नंतर बघू, आधी तुझ्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठव.