पांढऱ्या मातीचं ओझं

माझे वडील गवंडी होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी उचललेल्या कितीतरी भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कोसळल्या. आबा त्यावर फारसं बोलले नाहीत. म्हणून मी लिहितो.

आमच्याकडं घर म्हणजे माळवद. भिंत दोन हात रुंद, बाहेरून दगड, आतून दगड आणि मधल्या पोकळीत कपच्या नि चिखल. वर तुळया, फळ्या आणि पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून आणायची, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी बायका-पोरं टोपल्या भरभरून ती वर चढवायची. जुना थर खरवडून काढायची रीत नव्हती. आजोबांनी टाकली, त्यावर बापानं, त्यावर आपण. बघता बघता थर हात-दीड हात व्हायचा. उन्हाळ्यात आत गारवा, भिंतीतल्या बळदात वर्षाचं धान्य. सोयरीक बघायला आलेला पाहुणा भिंतीची रुंदी बघूनच घर जोखायचा. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आपण झोपतो, हे कुणाच्या मनात यावं कसं?

१९९२ मध्ये किल्लारीच्या बाजूला जमीन गुरगुरायला लागली होती. उतरंडीची भांडी वाजायची. लोक अंगणात झोपायला लागले. पण थंडी पडली, दिवस गेले, भीती निवली आणि अंथरुणं परत आत गेली. भूकंपाच्या सरकारी नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार स्थिर आहे, असं मी स्वतः वर्गात शिकवत होतो. त्याची टोचणी अजून जात नाही.

ती अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. भूकंप सहाच्या थोडा वरचा. सरकारी हिशेबानं सुमारे आठ हजार माणसं गेली, ती भिंतींखाली आणि त्या मातीखाली.

उजाडल्यावर आबा एका पडक्या भिंतीपुढं उभे राहिले. शेंग उकलावी तशी ती मधोमध उकलली होती. बाहेरचा दगड बाहेर, आतला आत. दोन्ही अंगांना बांधणारा एकही आरपार दगड नव्हता. आबांनी त्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. "हितं एक लांब धोंडा पाहिजे होता," एवढंच म्हणाले. जिथं छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती ढासळूनही छत तोललेलं आम्ही पाहिलं.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. आमचं गाव जागेवरच राहिलं. २००२ मध्ये नकाशा बदलला. तो सगळ्यात कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला. आबांनी आमची भिंत पुन्हा उचलली ती दर दोन हातांवर आरपार दगड घालून, आणि प्रत्येकाचं टोक बोटभर बाहेर ठेवून, दिसावं म्हणून.

परवा शेजारी वाढीव खोलीचं काम निघालं. नुसत्या विटा रचलेल्या. दारा-खिडक्यांवरून चारी भिंतींना बांधणारा सळयांचा पट्टा नाही. गवंडी तिशीच्या आतला, भूकंपानंतर जन्मलेला. त्याला हाताला धरून आबांच्या भिंतीपाशी आणलं आणि बाहेर आलेली टोकं मोजायला लावली.