जळगाव ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास आणि परतताना सुमारे नऊ तास लागतात. मुलांना भेटण्यास निघालेल्या खान्देशातील पालकांचा प्रवास मात्र मुंबईच्या बराच आधी सुरू होतो.

जळगाव ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर अवघे ३५५ किलोमीटर, म्हणजे पुढील हवाई प्रवासाच्या जेमतेम विसावा भाग. रेल्वेमार्गाने हेच अंतर ४२० किलोमीटर भरते आणि त्यात सहा ते सात तास जातात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचण्याचा दंडक त्यात मिळवला, तर लंडनच्या विमानात पाऊल ठेवेपर्यंतच दहा तास सरलेले असतात. सहार विमानतळ गाठायचा असल्यास शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता ठाणे किंवा दादरला उतरणे सोयीचे.

जळगावहून विमानाने मुंबई गाठण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. तथापि या सेवेचा इतिहास खंडित आहे. एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली मुंबईसाठी उड्डाण सुरू केले. ते टिकले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही पुढे बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा व हैदराबादसाठी, तर अलायन्स एअरने मुंबईसाठी सेवा सुरू केली. त्यामुळे परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहणे अगत्याचे. दोन्ही तिकिटे स्वतंत्र असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढचे विमान चुकल्याची जबाबदारी बहुधा प्रवाशावरच येते. एक दिवस आधी मुंबई गाठणे शहाणपणाचे, मुक्कामाचा खर्च धरूनही!

धुळेकरांना तर हा पर्यायही नाही. गोंदूर येथे धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी सेवा नाही. मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर असली, तरी नाशिक आणि कसारा घाटमार्गे रस्ता सव्वातीनशेच्या घरात जातो. पावसाळ्यात घाटातील खोळंबा जमेस धरावाच लागतो.

जाण्या-येण्याच्या वेळेत तासाभराचा फरक का पडतो? साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. लंडनहून परतताना हा वारा पाठीशी असतो, जाताना समोरून येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते. हवाई हद्दींचाही परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर, विशेषतः दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हे ध्यानात नसल्यास घोटाळा होतो. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी एकला सुटलेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा लंडनमध्ये सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि जळगावात रात्रीचे अकरा. पोहोचल्याचा फोन घरी त्या हिशेबाने अपेक्षावा.