समुद्राचा सातबारा

शेतकऱ्याच्या जमिनीचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरी असतो. पीक कोणते होते, झाडे किती होती, विहीर कोठे होती, हे दाखवायला निदान एक कागद हाती येतो. कोळ्याच्या समुद्राला असा कागद नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र उभे राहत असताना आमच्या या किनाऱ्याचा असा एक कागद प्रथमच तयार होऊ लागला. त्यात काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहून गेले, याचा धांडोळा आम्ही येथे घेणार आहोत.

तारापूर त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. कोळशाच्या खाणी येथून फार दूर, विजेची गरज मात्र मुंबई आणि गुजरात यांच्या मधोमध, आणि यंत्रे थंड करण्यास समुद्राचे अमाप पाणी, अशी ही जागा होती. १९६४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बांधकाम सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. या काळात देशात १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता. परंतु जलप्रदूषणाचा कायदा यायचा होता १९७४ साली आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ साली. जनसुनावणी हा शब्दही कोणाच्या कानावर पडला नव्हता.

असे असूनही तेथे मोजणी झाली, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. तिचे कारण कायद्यात नव्हते, आकाशात होते. १९६१-६२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी वातावरणात अण्वस्त्रांचे अनेक स्फोट केले होते. १९६३ च्या कराराने त्यांनी ते थांबवले. पण चीन त्या करारात नव्हता आणि त्याचा पहिला स्फोट १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, म्हणजे तारापूरला पाया खणला जात असलेल्या महिन्यातच झाला. या स्फोटांची धूळ पावसाबरोबर साऱ्या जगावर उतरत होती. तिच्यातील सीझियम-१३७ निम्मे व्हायला सुमारे तीस वर्षे लागतात. उद्या भट्टी सुरू झाल्यावर बोंबलात सीझियम सापडले, तर ते कोणाचे म्हणायचे? बॉम्बचे की भट्टीचे? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मार्ग एकच होता. भट्टी पेटण्यापूर्वी मोजून ठेवणे.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आरोग्यभौतिकी विभागाने हे काम हाती घेतले. डॉ. ए. के. गांगुली हे त्या विभागाचे आद्य शिल्पकार. अशा पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळांची रीत साधी आणि चिकाटीची असते. पिण्याचे पाणी, दूध, धान्य, भाजी, मासळी, शिंपल्या, समुद्रतळाचा गाळ यांचे नमुने ठरावीक ठिकाणांहून, ठरावीक काळाने घ्यायचे. मासळी वाळवायची, जाळून तिची राख करायची आणि त्या राखेचा किरणोत्सर्ग मोजायचा. किरणोत्सारी आयोडीन शोधायचे तर बकरीची कंठग्रंथी तपासायची, कारण चरणाऱ्या जनावराच्या त्या ग्रंथीत ते साठत जाते. निसर्गाने मुळातच दिलेला किरणोत्सर्ग वेगळा काढायचा आणि उरेल ते वहीत लिहायचे. अशा नोंदीला विज्ञानात मोल आहे, तसेच नीतीतही आहे. बलवानाने स्वतःच्या कृतीचे माप आगाऊ मांडून ठेवणे, ही न्यायाची पहिली पायरी होय.

तथापि त्या वहीचा रोख किरणोत्सर्गावर होता. बांधकामाची धूळ, खणलेल्या मुरमाचे ढीग, सुरुंगांचे हादरे, खाडीचे बदलणारे मुख, गरम होऊन समुद्रात परतणारे पाणी, कोणत्या महिन्यात कोणत्या खुंटावर किती मासळी मिळते, हे मोजण्याचे बंधन कोणावरच नव्हते. हा दोष एकट्या तारापूरचा नव्हे. खुद्द अमेरिकेतही तिचा अणुऊर्जा आयोग किरणोत्सर्गाखेरीज इतर परिणामांचा स्वतंत्र विचार करण्यास नाखूश होता. मेरीलँडमधील कॅल्व्हर्ट क्लिफ्स प्रकल्पाच्या खटल्यात, जुलै १९७१ मध्ये, न्यायालयाने त्याला बजावले, की उष्ण पाण्यासह पर्यावरणाचा सर्वांगीण विचार तुम्हाला करावाच लागेल. तोवर तारापूरची वीज सुरू होऊन पावणेदोन वर्षे लोटली होती.

आपल्याकडे ही जाण टप्प्याटप्प्याने आली. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली, १९९४ साली पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची. १९९८ साली नव्या औष्णिक केंद्रांसाठी असे ठरले, की समुद्रात परत सोडलेल्या पाण्यामुळे तापमान सात अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढू नये. २००६ च्या अधिसूचनेने मंजुरीतील अटी कितपत पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, देणे बंधनकारक केले. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचे काम २००० साली सुरू झाले, ते या बदलत्या काळात. त्या कामासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. गाव उठले, की त्याच्या विहिरीच्या पाण्याची चव सांगणारा माणूसही त्या जागेवरून उठतो, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

राहून गेलेल्या नोंदींची किंमत पुढे कळली. मासळी कमी झाली, असे किनाऱ्यावरचे लोक सांगतात. पण कशामुळे? शेजारीच तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. तिच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. यांत्रिक नौका वाढल्या, जाळ्यांचे आस बारीक झाले. कोणाचा वाटा किती, हे सांगायला साठच्या दशकातील मासळीची वही हवी होती. किरणोत्सर्गाच्या बाबतीत 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करता येते. मासळीच्या बाबतीत म्हाताऱ्यांच्या आठवणीखेरीज पुरावा नाही, आणि आठवणीला कचेरीत शिक्का मिळत नाही.

दुसरा प्रश्न वही कोणाच्या हाती असावी हा. भट्टी ज्या खात्याची, मोजणीही त्याच खात्याची, हे तारापूरला आरंभापासून चालत आले. शास्त्रज्ञांच्या सचोटीविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु हिशेब ठेवणारा आणि हिशेब तपासणारा वेगळे असावेत, हे साध्या पतपेढीलाही ठाऊक असते. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ सरकारच्या अधीन राहिले, पुरेसे स्वायत्त झाले नाही, असे खुद्द महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नमूद केले होते.

हा इतिहास आम्ही आज का उगाळीत आहोत? कारण त्याच किनाऱ्यावर, तारापूरच्या उत्तरेस, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदर म्हणजे अणुभट्टी नव्हे. पण 'आधी काय होते' हा प्रश्न तोच आहे. सरकारची वही सरकार लिहील. वसईच्या पाचूबंदरापासून डहाणूपर्यंतच्या तांडेलांनी आपलीही वही लिहावी. तारीख, वारा, भरती, ठिकाण, मासळीची जात आणि वजन, एवढेच रोज लिहायचे. शाळेत जाणाऱ्या नातवंडांना हे काम सहज जमेल. पुढे दहा वर्षांनी कोणी पुरावा मागितला, तर त्या वेळी केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणींवर विसंबून राहण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.