पाटीवर इंग्लंडच्या राजाचं नाव, पण अट एकच, शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत! वाचा केईएम हॉस्पिटल कसं उभं राहिलं...

परळ स्टेशनला उतरायचं आणि कुणालाही विचारायचं, केईएम कुठंय? रस्ता माहीत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. राज्यातल्या एखाद्या खेड्यातून पहिल्यांदाच मुंबईत आलेला पेशंटही हे नाव पाठ करून आलेला असतो. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले की, 'मुंबईला केईएमला न्या' हा सल्ला ठरलेला.

पण केईएम म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर बरेच जण अडतात. केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. म्हणजेच ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या स्मरणार्थ बांधलेलं हॉस्पिटल. आता नाव असं म्हटल्यावर वाटणार की ही इंग्रजांची देणगी असेल. पण इथंच खरी गंमत आहे.

राजाचं नाव लावलेल्या या संस्थेत राजाच्या सरकारच्या डॉक्टरांनाच शिकवायला मनाई होती. ती कशी, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

भांडण सुरू झालं जेजेपासून

मुंबईत आधुनिक वैद्यकीय शिक्षण सुरू झालं ते १८४५ साली, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून. सोबतच जेजे हॉस्पिटल सुरू झालं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १ लाख रुपये दिले होते. इथून शिकून भारतीय डॉक्टर बाहेर पडू लागले. भाऊ दाजी लाड हे सुरुवातीच्याच विद्यार्थ्यांपैकी एक.

पण एक गोची होती. शिकून डॉक्टर व्हायला हरकत नव्हती, पण त्याच कॉलेजात प्रोफेसर किंवा त्याच हॉस्पिटलात मुख्य डॉक्टर व्हायचं म्हटलं की दार बंद.

कारण या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आयएमएसच्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असायच्या. आयएमएस ही मुळात लष्करी सेवा. युद्ध आलं तर डॉक्टर हाताशी हवेत म्हणून सरकार त्यांना शांततेच्या काळात मोठ्या हॉस्पिटलांमध्ये आणि कॉलेजांमध्ये नेमायचं. या सेवेची परीक्षा व्हायची लंडनला. कागदावर ती १८५५ पासून भारतीयांनाही खुली होती, पण तिथवर जाण्याचा खर्च किती जणांना परवडणार? त्यामुळं आयएमएसमध्ये भारतीय मोजकेच.

याचा परिणाम असा व्हायचा की एखादा भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्या नशिबी खालची जागा किंवा मग स्वतःचा दवाखाना. शिकवण्याची, संशोधन करण्याची, मोठी ऑपरेशन्स करण्याची संधी मिळणं जवळपास अशक्य.

याविरोधात मुंबईतले डॉक्टर बोलू लागले. १८८३ साली बॉम्बे मेडिकल युनियन ही त्यांची संघटना उभी राहिली. १८९० च्या दशकात डॉ. के. एन. बहादुरजी यांनी हा प्रश्न थेट काँग्रेसच्या अधिवेशनात नेला. पण सरकार काही बधत नव्हतं.

परळच का?

दुसऱ्या बाजूला मुंबई वाढत होती. परळ, लालबाग, वरळी या भागात गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार चाळींमध्ये एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि या दाटीची किंमत शहरानं मोजली.

परळला याच काळात वैद्यकीय ओळख मिळायला लागली. गव्हर्नरचा जुना बंगला परळलाच होता. १८९९ साली तिथं प्लेगच्या लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा हलवण्यात आली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. पण लाखो कामगारांच्या या भागात उपचारांसाठी एक मोठं हॉस्पिटल हवं होतं.

राजा गेला, निधी जमला

मे १९१० मध्ये सातवा एडवर्ड वारला. त्याच्या नावानं देशात ठिकठिकाणी स्मारकं करायची टूम निघाली. मुंबईत त्यातून हॉस्पिटल उभारायचं ठरलं. पुतळ्यापेक्षा हे कधीही बरंच. हॉस्पिटल चालवणार होती मुंबई महानगरपालिका.

आता हॉस्पिटल म्हटलं की सोबत मेडिकल कॉलेजही हवं. त्यासाठी पुढं आले दिवंगत सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांचे वारस. त्यांनी साडेचौदा लाख रुपये देऊ केले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

पण पैसे देताना त्यांनी एक अट घातली. या कॉलेजात शिकवणारे सगळे प्रोफेसर आणि शिक्षक हे पात्रताधारक, स्वतंत्र भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीत नसावेत.

अट वाचायला साधी आहे. पण तिचा अर्थ सरळ होता, आयएमएसला इथं जागा नाही. जे काम अर्ज-विनंत्या करून, ठराव मांडून झालं नव्हतं, ते एका देणगीच्या अटीनं करून दाखवलं. सरकारच्या हातातलं हॉस्पिटल असतं तर हे जमणं अवघड होतं. पण इथं हॉस्पिटल होतं महापालिकेचं आणि पैसा होता मुंबईकरांचा.

गेटवे बांधणाऱ्या माणसानं बांधलं केईएम

इमारतीचा आराखडा केला जॉर्ज विटेट यांनी. गेटवे ऑफ इंडिया, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, टाटांचं बॉम्बे हाऊस ही सगळी त्यांचीच कामं. म्हणजे राजाच्या स्वागताची कमान ज्यानं बांधली, त्यानंच गिरणगावातल्या कामगारांसाठी हॉस्पिटल बांधलं.

१९२६ साली केईएम हॉस्पिटल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी विटेट वारले.

कॉलेजचे पहिले डीन होते डॉ. जीवराज मेहता. ग्रँट मेडिकलमध्ये शिकून ते लंडनला गेले होते. महात्मा गांधींचे ते डॉक्टर होते आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. १९४२ पर्यंत ते डीनच्या खुर्चीवर होते. पुढं १९६० साली गुजरात राज्य झालं, तेव्हा पहिले मुख्यमंत्री हेच जीवराज मेहता झाले. अशा माणसाच्या हाताखाली कॉलेज घडलं, म्हणजे ती अट नुसती कागदावर राहिली नाही हे लक्षात येतं.

मग त्या अटीनं काय साधलं?

भारतीय डॉक्टरांना संधी मिळाली तर काय होतं, याचं उत्तर पुढच्या काही वर्षांनी दिलं.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तसं ऑपरेशन केलं. पेशंट काही तासच जगला. पण महापालिकेच्या हॉस्पिटलात, त्या काळातल्या साधनांवर हे धाडस झालं होतं.

६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीमच्या प्रयत्नांतून केईएममध्येच टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे करून दाखवलं होतं, पण शास्त्रीय नोंदींसह मान्यता मिळालेलं देशातलं पहिलं बाळ म्हणून मुंबईच्या बाळाची ओळख झाली.

आणि हो, पुण्यातही एक केईएम आहे. नाव त्याच राजाचं, पण संस्था वेगळी. ते १९१२ साली सुरू झालं आणि ते ट्रस्टचं आहे. त्यामुळं दोन्हींमध्ये गल्लत करू नका.

आज परळच्या केईएममध्ये सुमारे १,८०० खाटा आहेत, तरीही त्या कमी पडतात. ओपीडीची लाईन पहाटेच लागते, नातेवाईक बाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. या गर्दीबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्तही आहेत. पण ही गर्दी इथं येते कारण दुसरीकडचं बिल तिला परवडत नाही.

सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं लॅटिन भाषेत एक ब्रीदवाक्य आहे. त्याचा अर्थ होतो, 'स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी'. राजा कोण होता हे लोक विसरले. पण 'सर्वांसाठी' हे मात्र केसपेपर काढणारा प्रत्येक जण आजही अनुभवतो.